वाडा, राई आणि भावकीचं चाळीस एकर : सांभाळायचं कसं?

मोरणाकाठ

मंडळी, नमस्कार. जरा मोठं लिहितोय, सवडीने वाचा.

पाटणच्या पश्चिमेला मोरणेच्या खोऱ्यात आमचं मूळ घर आहे. जुनी देशमुखी. वतनं कधीच गेली, कूळकायद्यात नदीकाठचं निम्मं रान गेलं, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलं त्यांच्याकडे गेलं हे बरंच झालं. उरलाय तो वाडा आणि त्याच्या मागचा डोंगर. वाडा मूळचा दोन चौकी. पुढचा चौक १९६७ च्या भूकंपात बसला, तो पुन्हा कोणी उभा केला नाही. मागचा चौक शाबूत आहे : सोपा, माजघर, देवघर, वर माडी. दगडी जोतं, सागवानी खांब, वर मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं. वाड्यामागे ओढा, ओढ्यापलीकडे भैरोबाची राई, म्हणजे देवराई, तिच्या वर गवताचा डोंगर. खाली भाताची खाचरं आणि नदीला लागून थोडा ऊस.

सगळं मिळून चाळीसेक एकर, पण पिकाखालचं जेमतेम अकरा. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली कितीतरी माणसं आज हयात नाहीत. आजवर सगळं काका बघत होते. गेल्या साली ते गेले. दिवसकार्य झाल्यावर भावकीनं एकमतानं कारभार माझ्याकडे दिला. एकमत का झालं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी नोकरीनिमित्त कराडला असतो, शनिवार-रविवार गावी.

पावसाळ्यात माजघराची पश्चिमेची भिंत ओली होते. राईत रानमोडीचं तण घुसलंय. खालच्या भातात गवे उतरतात. वाटेकरी चांगला आहे पण थकलाय, त्याची पोरं पुण्याला. आणि दर गणपतीला कोणीतरी म्हणतंच, "विकून टाका एकदाचं." मला विकायचं नाही. पण दरवर्षी पगारातून पैसे ओतायची माझी ऐपतही नाही. सुरुवात कुठून करू?

पोटखराबा

खुर्ची टाकून बसलोय. सतरा नावं म्हणजे भावकी लहान आहे हो तुमची. आमच्याकडे एकेचाळीस आहेत आणि विहीर एक.

चुनाघाणी

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून वाड्यापुरतं लिहिते.

भिंतीला हात लावायच्या आधी वर चढा. ओल भिंतीत दिसली तरी ती बहुतेक वेळा कौलांतून, पन्हळीतून नाहीतर जोत्यापाशी तुंबलेल्या पाण्यातून आलेली असते. तुमच्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, त्यामुळे तीच भिंत ओली होणं साहजिक आहे. पूर्वी त्या बाजूला गवताच्या झड्या बांधायचे. झड्या गेल्या, आणि त्यांच्या जागी लोकांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. तुमच्या भिंतीलाही मारलाय का? मारला असेल तर पाणी आत कोंडतंय. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंट तिला सोडू देत नाही. मग आतला पापुद्रा फुगतो, मीठ फुटतं, आणि आतमध्ये रुतलेला खांब तळातून कुजतो. वरून रंग झकास असतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

प्रत्येक खांबाच्या तळखड्यापाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तो खांब आजारी आहे. अख्खा बदलायची गरज नसते. कुजलेला तुकडा कापून खालून जुन्या सागवानाचा जोड देणारे सुतार अजून आहेत. गावाकडे पडलेल्या घरांचं लाकूड विकत मिळतं, तेच घ्या. नवं सागवान कोवळं असतं, त्याला वाळवी लवकर धरते. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावा. वास महिनाभर जात नाही, पण वाळवी लांब राहते.

भूकंपाचं मुद्दाम सांगते. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा धक्का बसला, तेव्हा या पट्ट्यात दगडमातीची घरं फार पडली. त्या भिंती दोन पदरी असतात : आत एक दगडी पदर, बाहेर एक, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आडवा दगड नसेल, तर हादऱ्यानं पदर सुटतात आणि भिंत फुगून पडते. ज्या वाड्यांत छपराचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता तिथे भिंत पडली तरी छप्पर उभं राहिलं. तुमचा मागचा चौक वाचला तो बहुतेक असाच. म्हणून "मधला खांब अडचण करतो, काढून गर्डर टाकू" असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चुन्याचं काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर सुरू करून शिवरात्रीच्या आत आटपा. कडक उन्हात चुना तडकतो, मग गोणपाट ओलं करून झाकत बसावं लागतं. आणि चुना किमान काही आठवडे भिजवून मुरवलेला हवा. पिशवी फोडून त्याच दिवशी लावणारा गवंडी असेल तर दुसरा शोधा.

मोरणाकाठ

आहे, सिमेंटचा गिलावा आहे. काकांच्या उमेदीच्या काळात "पक्कं" केलं होतं. आता तो काढायचा कसा? भिंतच सोबत येईल अशी भीती वाटते.

चुनाघाणी

सगळा एकदम काढू नका. या हिवाळ्यात फक्त जोत्यापासून कमरेएवढा पट्टा, तोही छिन्नीनं, ब्रेकर न लावता. भिंतीला एक उन्हाळा श्वास घेऊ द्या. पुढच्या हिवाळ्यात वरचा. उघड्या भागावर माती, शेण आणि भाताच्या तुसाचा गिलावा पुरतो, वर चुन्याचा हात. आणि त्याआधी पन्हळ! पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब ओढ्याकडे काढून द्या. हा खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त.

वारणेचं पाणी

राम राम. शिराळ्याकडचा. आमच्याकडंबी मोरणाच हाय, ती वारणेला मिळती, तुमची कोयनेला. तर शेजारी म्हणूनच बोलतो.

कौलाचं ताईनी सांगितलं ते खरं, पण वानरांचं काय? आमच्या वाड्यावर टोळी यायची, एका दुपारी पन्नास कौलं फुटायची. पाऊस पडला की मग कळायचं कुठली ते. आता कौलाखाली पत्रा टाकलाय. दिसाय कौल दिसतंय, पाणी पत्रा झेलतोय. शुद्ध कामवाल्यांना आवडत नसंल, पर माडीत आता टोपली मांडाय लागत न्हाय.

गव्यांचं म्हणाल तर चांदोलीच्या अंगाला आमची तीच गत. सौर कुंपण लावा, बॅटरीवरचं, झटका बसतो पण जीव जात नाही. थेट मेन लाइनची वायर तारंत सोडू नका. जनावर मेलं तर गुन्हा, माणूस मेलं तर घर बसलं. नुकसान झालं की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, पंचनामा होईस्तोवर रान तसंच ठेवा. पैसे कमी मिळत्यात, उशिरा मिळत्यात, पण अर्जच केला नाही तर गवा आलाच नव्हता असं कागद म्हणतो.

गट नंबर

महसूल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. वरच्या सूचना चांगल्या आहेत. पण सतरा नावं असलेल्या मिळकतीत चुन्याच्या आधी कागद बघावा, हे माझं मत.

एक तर वारस नोंदी. मयत माणसाच्या नावावर अनुदान येत नाही, नुकसानभरपाई येत नाही, कर्ज तर नाहीच. प्रत्येक घराण्याची वारस नोंद लावून घ्या. बहिणींची नावं गाळू नका. ती लावली की जमीन जाईल असं अजूनही लोकांना वाटतं. उलट, गाळलेली नावं वीस वर्षांनी दाव्याच्या रूपानं परत येतात.

दुसरं, राई नेमकी कोणाची? तुम्ही "आमची" म्हणता, पण ती देवस्थान इनामात असेल तर ती देवाची. गावच्या नमुना नंबर ३ मध्ये, म्हणजे दुमाला (इनाम) जमिनींच्या नोंदवहीत बघा. देवस्थान इनाम वर्ग ३ असेल तर विक्रीचा प्रश्नच येत नाही, तुम्ही फक्त सांभाळणारे. त्याच वेळी डोंगराच्या गटाचा 'इतर हक्क' रकाना वाचा. तिथे खाजगी वनाची नोंद असू शकते. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून अशी वनं सरकारजमा झाली. एकूण धारण क्षेत्र १२ हेक्टरच्या आत असलेल्यांना कलम २२-अ खाली जमीन परत मिळण्याची तरतूद होती. तुमचं चाळीस एकर म्हणजे सोळा हेक्टर, पण त्या तारखेला ते किती जणांत विभागलेलं होतं यावर बरंच अवलंबून. नुसती जुनी नोटीस निघाली होती म्हणून जमीन आपोआप वन होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गोदरेजच्या प्रकरणात दिला आहे. नोंद दिसली तर घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. चांगला वकील गाठा.

तिसरं, वाडा गावठाणात आहे की गटात? गावठाणात असेल तर सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि तो मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली, त्यात मिळकत पत्रिका निघते. तिच्यावर कोणाचं नाव लागलं ते आजच बघा. बऱ्याच गावांत जो त्या दिवशी घरात हजर होता त्याचंच नाव लागून गेलंय.

वाटपाबद्दल : सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप होतं. एक जरी अडला तर दिवाणी कोर्ट. तुमचं एकमत सध्या आहे, ते कशामुळे का असेना, तोवर कागद करून घ्या.

आणि हो, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. अर्जावर जुना हुद्दा घातला तरी चालतं, पण साहेबांचा चेहरा पडतो.

माहेरवाशीण

गट नंबर काका, बहिणींबद्दल लिहिलंत म्हणून आभार. आमच्याकडे महाराष्ट्रानं १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, मग २००५ ला देशभर झाला, २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं वडील त्या तारखेला हयात असण्याची अट काढली. तरी माझ्या भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलंच, तेही राखीपौर्णिमेला.

मोरणाकाठ, एक सुचवू? सगळ्या आत्या-बहिणींना कळवा की सही मागणार नाही. त्याऐवजी वाड्यात उतरायला एक खोली कायम राखीव ठेवा, न्हाणीघरासकट. मला हिस्सा नको होता, मला मे महिन्यात पोरांना घेऊन जायला दार उघडं हवं होतं. हे दिलं असतं तर छपराला मी पैसेही दिले असते. माझ्यासारख्या पुष्कळ असतील.

परदेशी पाखरू

तुम्ही सगळे अगदी खालच्या पातळीवर विचार करताय असं वाटतं. हेरिटेज हॉटेल! वाडा, जंगल, ओढा, भात. पंधरा खोल्या, वर डोंगरावर कॉटेजेस, एक इन्फिनिटी पूल. पुण्यामुंबईचे लोक रात्रीला दहा-पंधरा हजार मोजतात. मेणवलीचा वाडा बघा, तिथे चित्रपटांची शूटिंग्ज होतात. भावकीला वर्षाला चेक गेला की भांडणंच संपली.

पोटखराबा

भांडणं चेक येईपर्यंत नसतात. चेक आला की सुरू होतात.

ऐन_किंजळ

पाखरूभाऊ, मेणवली वाईला खेटून आहे, कृष्णेचा घाट आहे, पाचगणी-महाबळेश्वर हाकेच्या अंतरावर. मोरणा खोऱ्याचं तसं नाही, आणि नसलेलंच बरं.

डोंगरावरच्या कॉटेजबद्दल एकच सांगतो. जुलै २०२१ च्या पावसात याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. उतार कापणं, जेसीबीनं सपाटी काढणं, पाण्याची वाट अडवणं हे तिथे करायचंच नाही. शिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात पाटण तालुक्यातली बरीच गावं आहेत, तुमचं गाव यादीत आहे का ते बघा. पुढे काही बांधायचं म्हटलं तर आधी हाच प्रश्न येईल.

आता राईकडे वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या मिळकतीचं मूळ तिथे आहे. मोरणाकाठ, तुमच्या ओढ्याला पाणी कधीपर्यंत असतं? राई दाट असेल तर शिमग्यापर्यंत, कदाचित पुढेही. ते पाणी राईच्या पालापाचोळ्यात मुरलेलं असतं. राई विरळ झाली की ओढा पौषात आटतो, मग खालचा रब्बीचा हरभरा जातो, आणि वाड्यातला आडही खाली जातो. वाडा, राई आणि खाचरं हे तीन वेगळे प्रश्न नाहीत.

रानमोडी काढायची तर पावसाळ्यात, माती मऊ असताना, मुळासकट उपटून. फुलावर आल्यावर कापली तर बी उधळून तुम्हीच पेरलं म्हणून समजा. दिवाळीच्या आसपास ती फुलू लागते, त्याच्या आत काम संपवा. घाणेरीला वरवर कोयता चालवून उपयोग नसतो, मुळाच्या गाठीखालून तोडावी लागते. आणि काढलेल्या जागेत काही लावू नका! लोकांना राहवत नाही, लगेच गुलमोहर नाहीतर निलगिरी आणतात. राईच्या खाली जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, अंजनी, भेडस यांची रोपं आपसूक येतात, फक्त गुरं आणि वणवा यांपासून दोन-तीन वर्षं वाचवायची. सावली दाटली की रानमोडी स्वतःच मागे हटते.

आणखी एक धोका, जो रानमोडीपेक्षा मोठा आहे : मंदिराचा जीर्णोद्धार. भैरोबाला सभामंडप, फरशी, गाड्या लावायला जागा, आणि त्यासाठी "मधली चार झाडं". जिथं वाळकी काठीही घरी न्यायची नाही असा दंडक होता, तिथंच देवाच्या नावानं करवत चालते. तुमच्या गावात अशी कमिटी निघाली असेल तर तिच्यात आधी स्वतः शिरा.

वारणेचं पाणी

कमिटीचं पटलं. आमच्यात तर कळस झाला आणि राईची बाग झाली. बाकडी हायत, झाडं न्हाईत.

मोरणाकाठ

ओढा होळीपर्यंत वाहतो. पूर्वी अक्षय्य तृतीयेपर्यंत असायचा असं वाटेकरी सांगतो. राईत दोन्ही बाजूंनी रानमोडी शिरलीये हे त्याच्याशी जोडून मी पाहिलं नव्हतं.

वणव्याचं बोला कोणीतरी. डोंगरावर दर उन्हाळ्यात आग लागते. कोण लावतं माहीत आहे, पण भाऊकीतलं आहे.

ऐन_किंजळ

"जाळलं की गवत चांगलं येतं" ही समजूत. कोवळं हिरवं लवकर दिसतं, म्हणून खरं वाटतं. पण दरवर्षीच्या आगीनं माती उघडी पडते, पहिल्या वळवात वाहून जाते, आणि हळूहळू चवीचं गवत जाऊन कुसळी उरतं.

जाळरेषा काढा : राईच्या वरच्या अंगानं रुंद पट्टा गवत कापून साफ ठेवायचा, मार्गशीर्ष-पौषात, गवत वाळल्यावर पण वारं सुटायच्या आत. त्याहून सोपं म्हणजे गवतच कापून विका. दसऱ्यानंतर डोंगर कापणीला द्या, दूधवाले घेतात. कापून नेलेल्या डोंगराला लावायला काही उरत नाही. आणि जो जाळतो ना, त्यालाच कापणीचा ठेका द्या.

माळवद

मी माण तालुक्यातला, तुमचा ओढा होळीपर्यंत वाहतो हे वाचून हेवा वाटला. आमच्याकडे पावसाचं पाणी वाहताना दिसलं की पोरं बघायला जातात.

जमिनीबद्दल विचारायचं होतं. वाटेकरी थकला म्हणता, तर नवा वाटेकरी नेमताना कूळ लागेल ही भीती सगळ्यांनाच असते. म्हणून आमच्याकडे चांगली रानं पड ठेवतात. तुम्ही काय करणार?

गट नंबर

भीती अगदी निराधार नाही, पण पड ठेवणं हा तोट्याचा उपाय. दरसाल लेखी करार करा, मजुरीवर कामाचा, हंगामापुरता. ई-पीक पाहणी खातेदारानं स्वतः करावी, मोबाइल वाटेकऱ्याच्या हाती देऊन नव्हे. खतं-बियाणांच्या पावत्या आपल्या नावे ठेवा. आणि जो माणूस तीस वर्षं इमानानं कसतोय त्याच्याशी संशयानं वागून काही साधत नाही, हेही नोकरीत पाहिलंय. त्याच्या म्हातारपणाची सोय कराराबाहेर करा, पण करा.

वारणेचं पाणी

भातात काय घेता? इंद्रायणी असंल तर भाव हाय, पण भात गिरणीला न घालता तांदूळ करून पिशवी भरून विका. बांधावर गिरिपुष्प लावा, लावणीच्या आधी पाला चिखलात तुडवायचा, युरिया कमी लागतो. भाताच्या चारसूत्री पद्धतीत हेच सांगत्यात. आणि वरच्या वरकस तुकड्यात नाचणी-वरी. पूर्वी गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडायचे, आता शहरात डबल भावानं घेत्यात.

ऊस तेवढा कमी करा. गव्याला तुमच्याकडं येण्याचं आमंत्रण तोच देतो.

परदेशी पाखरू

बरं, हॉटेल नको. पण पैसा कुठून येणार हे कोणीच सांगितलं नाही अजून. गवत आणि नाचणीवर सागवानी खांब बदलणार का?

चुनाघाणी

प्रश्न रास्त आहे. एकदम सगळा वाडा "रिस्टोअर" करायचा म्हटलं तर कुठल्याच शेतीतून ते निघणार नाही. पण मी पाहिलेले टिकलेले वाडे असे एका दमात दुरुस्त केलेले नाहीतच. दरवर्षी कौलं परतली, एखाद-दुसरा खांब जोडला, शेणामातीचा हात फिरवला, इतकंच. ज्यांना एकदम पैसा मिळाला त्यांनी आधी टाइल्स बसवल्या.

ऐन_किंजळ

डोंगरातून मिळणारं सांगतो. हिरडा असेल तर तोच मोठा. कोवळा वाळवलेला बाळहिरडा आणि पिकलेला मोठा हिरडा यांचे भाव वेगळे, बाळहिरड्याला जास्त. एकत्र पोत्यात भरला की व्यापारी कमी भावानंच घेतो, म्हणून निवडून ठेवा. झाड मात्र तोडायचं नाही : १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत हिरडा, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस हे सगळे आहेत, आपल्या रानातलं झालं तरी परवानगी लागते. बांबूचं तसं नाही, २०१७ च्या दुरुस्तीनं वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो बाहेर पडला. ओढ्याच्या काठानं, राईच्या बाहेर, लावायला हरकत नाही.

मधपेट्या ठेवा, सातेरी मधमाश्यांच्या. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, एकदा जाऊन या. आणि कारवी फुलेल त्या वर्षी जास्तीच्या पेट्या तयार ठेवा, ती सात-आठ वर्षांनी एकदाच मोका देते.

माहेरवाशीण

आणि पाहुणे ठेवायचेच असतील तर दोन खोल्या पुरेत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याला नोंदणी करता येते. घरचा भात, घरचं दूध, रात्री नऊनंतर आवाज बंद. ज्याला पूल हवा त्यानं ओढ्यात पाय बुडवावे.

पोटखराबा

ओढ्यात पाय बुडवायला दहा हजार? मी आलो.

मोरणाकाठ

बरेच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात भावकीची बैठक झाली, वाड्याच्या सोप्यातच. आलेल्यांतल्या चौघांना भिंतीची ओल पहिल्यांदाच दिसली.

ठरलं ते असं. विक्री आणि वाटप दोन्ही पाच वर्षं बाजूला. वारस नोंदींचे अर्ज सगळ्या घराण्यांनी आपापले करायचे, बहिणींसकट. डोंगराच्या गटावर खाजगी वनाची नोंद निघाली नाही, पण राई खरोखरच देवस्थान इनामात निघाली. ऐकल्यावर विकून टाका म्हणणारे दोघं एकदम गप्प झाले, आणि धाकटे चुलते म्हणाले, "म्हणजे आपण भैरोबाचे वाटेकरी." मिळकतीचं एक खातं, दोन सह्यांचं, दुसरी सही आत्याची. गवत, हिरडा, भात जे काही येईल ते त्यात. त्यातून आधी छप्पर आणि पन्हळ, मग बाकी. पैसे कोणाला वाटायचे नाहीत, पण प्रत्येक घराला दिवाळीला इंद्रायणीची एक पिशवी जायची. हे माझ्या बायकोचं डोकं. आणि त्याचा परिणाम बघा, पिशवी मिळणार म्हटल्यावर मुंबईच्या दोन घरांनी आपणहून पन्हळीचे पैसे पाठवले.

माडीतली पूर्वेची खोली आत्या-बहिणींची. कुलपाची एक किल्ली आत्याकडे.

वाटेकऱ्याला बैठकीत बोलावलं होतं. त्यानं ऊस निम्मा करायला विरोध केला, कारखान्याची नोंद जाईल म्हणून. त्याचं ऐकलं. यंदा ऊस आहे तेवढाच, सौर कुंपण आधी. वारणेकाठचे दादा, रागावू नका.

गवताचा ठेका त्यालाच दिलाय. कोणाला, ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मग आता डोंगराला आग लागली तर जबाबदारी माझी का?" मी हो म्हटलं.

आता एक प्रश्न राहिलाय. हिरड्याचा व्यापारी पोतं बघून उक्ता भाव सांगतो. तोलून दे म्हटलं तर पुढच्या वेळी येत नाही. काय करावं?

वारणेचं पाणी

ऊस ऱ्हाऊ द्या, रागवतोय कशाला. गवा तुमच्याकडं आला तर आमच्याकडं कमी येईल.

हिरड्याचं : घरचा तराफू काटा घ्या, पोती तोलून आकडा पोत्यावरच लिवा, आणि एका व्यापाऱ्याला सगळा माल देऊ नका. शेजारच्या दोन वाड्यांचा, वस्त्यांचा हिरडा एकत्र केला तर टेम्पो भरतो. टेम्पो भरला की माल तुम्ही कराडला न्यायचा, त्यानं यायची वाट बघायची न्हाय. ओला भरू नका पण, वजनाला बरा दिसतो आणि वाटंतच बुरशी धरतो.